आदिलाबादची दोतोर्न

आदिलाबाद म्हटले की आपल्या गोव्याच्या माणसाला काय आठवते? बहुधा काहीच नाही. कापूस, कडक उन्हाळा आणि तेलंगणाच्या नकाशातला अगदी वरचा कोपरा, एवढेच! पण मराठी वाचकाने या जिल्ह्याकडे पाठ फिरवू नये. पैनगंगेच्या एका तीरावर यवतमाळ-नांदेड आणि दुसऱ्या तीरावर आदिलाबाद. नदी ओलांडली म्हणून माणसांची बोली बदलत नाही. सीमेलगतच्या गावांत आजही घरात मराठी बोलतात, आणि राजगोंडांच्या वस्त्यांत गोंडीच्या जोडीने मराठी चालते. हा मुलूख पूर्वी निजामाचा. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत तो आंध्रात गेला, त्यातला राजुरा तालुका आपल्याकडच्या मराठी मुलखात आला. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद.

आज या मुलखाविषयी लिहायचे निमित्त सीमावादाचे नाही. निमित्त आहे रविवारच्या एका वर्गाचे. चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र बसवून त्यांना त्यांचा धर्म शिकवायचा, तो वर्ग. आपल्याकडे त्याला दोतोर्न म्हणतात. पोर्तुगीज ‘दोउत्रिना’ हा शब्द गोव्याच्या तोंडात घोळून घोळून असा गोल झाला. शेजारच्या घरातली मुले दोतोर्नीला निघाली की त्या दिवशी क्रिकेटचा डाव रंगत नसे, हे गोव्याच्या कोणत्याही वाड्यावर वाढलेल्या हिंदू मुलाला सांगावे लागणार नाही. पण त्या वर्गात काय चालते, वाढत्या वयाच्या पोराला धर्म ‘शिकवणे’ म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण शेजारी असूनही कधी केला नाही. तो करायला आदिलाबादसारखी जागा नाही. का, ते सांगतो.

आदिलाबादचा कॅथलिक धर्मप्रांत आपल्या गोव्यासारखा लॅटिन परंपरेचा नाही. तो सायरो-मलबार चर्चचा आहे. म्हणजे संत थॉमसाशी नाते सांगणाऱ्या केरळच्या जुन्या ख्रिस्ती समाजाचे जे पूर्वेकडचे, सिरियाक वळणाचे चर्च आहे, त्याचा. या चर्चने केरळाबाहेर मिशनकार्य हाती घेतले ते १९६२ मध्ये चांद्यापासून, म्हणजे आपल्या चंद्रपुरापासून. काम सोपवले गेले सीएमआय या संघाकडे. या संघाचा पाया १८३१ साली केरळात मान्नानम येथे घातला गेला. त्याच्या संस्थापकांपैकी एक कुरियाकोस एलियास चावरा यांनी १८६४ मध्ये प्रत्येक चर्चमागे एक शाळा काढावी असा आग्रह धरला होता. २०१४ मध्ये त्यांना संतपद मिळाले. चांद्याच्या त्याच धर्मप्रांतातून १९९९ साली आदिलाबाद वेगळे निघाले. पहिले बिशप जोसेफ कुन्नथ हेही सीएमआयचेच. नाव आदिलाबादचे, पण बिशपांचे घर मंचेरियालला. शेजारी सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी.

इतिहासाची गंमत पाहा. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेश द मेनेझिस केरळात उदयंपेरूरला गेले आणि तिथल्या या जुन्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी लॅटिन वळण लावायचा घाट घातला. तुमची पुस्तके चुकीची, तुमची रीत चुकीची, आम्ही सांगतो तशी श्रद्धा ठेवा! त्याचा राग साचत गेला आणि १६५३ मध्ये मट्टांचेरीला शेकडो लोकांनी क्रुसाला बांधलेले दोर हाती धरून पोर्तुगीज जेझुइटांना यापुढे मानणार नाही अशी शपथ घेतली. दुसऱ्याच्या साच्यात आपली श्रद्धा ओतली जाणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने असे अनुभवले, त्याच समाजातले पाद्री आज तेलुगू-मराठी-गोंडी मुलखात मुलांना धर्म शिकवत आहेत. म्हणून त्यांच्याकडून अपेक्षाही जास्त ठेवावीशी वाटते.

आता त्या वर्गाकडे वळू. आपल्या गोव्यात ख्रिस्ती मुलाचा बाप्तिस्मा तान्हेपणी, पहिले कम्युनियन प्राथमिक शाळेत आणि कन्फर्मेशन हायस्कुलात असताना. कन्फर्मेशन म्हणजे आपला विश्वास आपल्या तोंडाने पक्का करणे. कल्पना सुंदर आहे. पण व्यवहारात काय होते, ते कोणत्याही फिर्गजेतल्या पाद्रीबाबला विचारा. कन्फर्मेशन झाले की पोरे दोतोर्नीतून ‘पास आउट’ होतात! पुढे चर्चमध्ये दिसतात ती लग्नाच्या वेळी. दहा वर्षे जो धर्म शिकवला, त्याचा समारोप एका प्रमाणपत्राने आणि फोटोने झाला, असे मुलांना वाटले तर चूक त्यांची कशी म्हणायची? शाळा संपली की दप्तर माळ्यावर टाकायचे, हे आपणच त्यांना शिकवले आहे.

आदिलाबादमध्ये हे आमिषच नाही. पूर्वेकडच्या परंपरेत बाप्तिस्मा आणि अभ्यंग, म्हणजे कन्फर्मेशन, एकाच वेळी होतात. तान्ह्या बाळाच्या कपाळाला पवित्र तेल लागले की ते पूर्ण ख्रिस्ती झाले. पंधराव्या वर्षी मिळवायचे असे काही शिल्लकच राहत नाही. मग पंधरा वर्षांचा मुलगा रविवारी सकाळी त्या वर्गात कशासाठी येणार? आईबापांच्या धाकाने दोन वर्षे येईल. वसतिगृहात असेल तर नियम म्हणून येईल. पण आपणहून यायचे तर तिथे त्याला स्वतःसाठी काहीतरी सापडले पाहिजे. म्हणूनच मी म्हणतो, अशा वर्गाची खरी परीक्षा गोव्यापेक्षा आदिलाबादेत होते.

केरळात या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेने दिले आहे. तिथे सायरो-मलबार चर्चचे धर्मशिक्षण पहिली ते बारावी असे शाळेसारखे इयत्तावार चालते. पुस्तके, हजेरी, परीक्षा, बक्षिसे, सगळे असते. शिवाय मुलांसाठी मिशन लीग आहे, १९४७ मध्ये भरणंगानमला सुरू झालेली. पण केरळात ही व्यवस्था चालते ती एकटी चालत नाही. तिच्या खाली घर असते. संध्याकाळी दिवा लावून सगळ्या कुटुंबाने म्हणायची प्रार्थना असते, पाठ चुकला की हटकणारी आजी असते, गावात शतकांचे चर्च आणि मागे सगळे पूर्वज पुरलेले असतात. पुस्तकात भरणंगानम आले तर मुलाला माहीत असते की ते अमक्या बसने जायचे गाव आहे आणि तिथे संत अल्फोन्साची समाधी आहे. वर्ग फक्त उरलेले काम करतो. तीच पुस्तके आणि तीच परीक्षा पैनगंगेकाठी आणली तर काय होईल? आदिलाबादच्या पोराला भरणंगानम आणि लूर्द सारखेच लांब. घरी आजी आहे, पण ती नागोबाला नवस बोलणारी आहे! केरळातल्या त्या वर्गाने जी जमीन गृहीत धरली, ती इथे नाही. रोप तेच आणले आणि माती तपासली नाही, तर ते धरेल कसे?

असा एक वर्ग मनाशी उभा करा. एका बाकावर खाणीच्या गावातला तेलुगू मुलगा, त्याचे आजोबा ख्रिस्ती झाले. शेजारी उटनूरकडची गोंड मुलगी. तिच्या शेजारी बेल्याकडचा मराठी बोलणारा मुलगा. मागे केरळहून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबातली दोन मुले, ज्यांना सगळी उत्तरे पाठ आहेत. यांच्या डोक्यात कोणते प्रश्न असतील? त्रैक्य म्हणजे काय, हा नक्कीच पहिला नसेल.

पहिला प्रश्न असेल केसलापूरच्या जत्रेचा. पुष्य अमावास्येला नागोबाची महापूजा होते. मेसराम कुळाची माणसे गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, सगळा गोंड मुलूख लोटतो. मामा जाणार, चुलते जाणार, शाळेतले सोबती जाणार. मी जाऊ का? गेलो तर पाप होईल का? प्रसाद खाल्ला तर? ‘जाऊ नको’ हे उत्तर सोपे आहे. पण पुढचा प्रश्न येतोच : मग मी आता गोंड राहिलो नाही का? पंधराव्या वर्षी मनात उठणाऱ्या या प्रश्नाला पाठ केलेल्या उत्तराने समजावता येत नाही.

दुसरा प्रश्न येईल कॉलेजच्या फॉर्मवर. दहावीनंतर इंटरमीडिएटला प्रवेश घ्यायचा, जातीचा रकाना भरायचा. आदिवासी मुलीला अडचण नाही, कारण अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही. पण अनुसूचित जातीचे तसे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा फक्त हिंदूंना होता. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. तेलंगणात अशा कुटुंबांना मागासवर्गाच्या ‘बीसी-सी’ गटात घालतात आणि त्या गटाला आरक्षण आहे एक टक्का. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीसाठी हिंदू दलित म्हणून दाखला मागायचा हे चालणार नाही, असे एका प्रकरणात स्पष्ट सांगितले. कायद्याची बाजू आपण इथे सोडू. पण त्या बाकावरच्या मुलाचा विचार करा. रविवारी त्याला सांगतात, खरे बोल. सोमवारी ओळखीचा कोणीतरी सांगतो, फॉर्मवर वेगळे लिही, नाहीतर सीट जाईल. यातले कोणते ऐकायचे, हे तो कोणाला विचारणार? त्याला धर्म शिकवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येईल का? टाळला, तर मुलाने जे शिकायचे ते तो शिकलाच : इथे खरे प्रश्न विचारायचे नसतात!

चारशे वर्षांपूर्वी आपल्याच गोव्यात एका माणसाला हे उमगले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि चाळीस वर्षे इथेच राहून १६१९ मध्ये वारला. त्याच्या पुस्तकांपैकी दोन इथे पाहायची. एक कोकणीतली दोतोर्न, प्रश्नोत्तरांची, जी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. आणि दुसरे १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’, मराठी ओव्यांत, अकरा हजारांच्या घरात. दोन पुस्तके का? कारण दोतोर्न पुरली नाही. नवे ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीकडे गेले आणि म्हणाले की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला ऐकायला काय? हे मागणे स्टीफन्सने ऐकले. एवढेच नाही, ते मागणे त्याने ग्रंथाच्या आरंभी नोंदवलेही. आणि पुढे कथा सांगताना ऐकणाऱ्यांच्या शंका त्याने ग्रंथातच घेतल्या. श्रोता विचारतो, पाद्रीगुरू उत्तर देतो. ज्ञानेश्वरीपासून आपल्याला ओळखीची असलेली ही श्रोता-वक्त्याची रीत एका इंग्रजाने उचलली, कारण या मातीतल्या माणसाला धर्म असाच ऐकायची सवय आहे, हे त्याला कळले.

दोतोर्नीतला प्रश्न आणि पुराणातला प्रश्न यांत एक फरक आहे. दोतोर्नीत प्रश्नही गुरूचा आणि उत्तरही गुरूचेच. पोराने फक्त दोन्ही पाठ करायचे. पुराणात प्रश्न श्रोत्याचा असतो. लहान मुलाला पहिली तऱ्हा चालते. आपणही मनाचे श्लोक, रामरक्षा, पाढे असेच शिकलो, आणि त्याचे नुकसान झाले नाही. पण मिसरूड फुटलेल्या मुलाला आणि वयात आलेल्या मुलीला दुसरी तऱ्हाच लागते. त्यांना आपला प्रश्न आपण विचारायचा असतो. आदिलाबाद असो की मडगाव, किशोरांच्या वर्गाचे सगळे गणित इथे चुकते. आठवीनंतरही आपण त्यांना दोतोर्नच देत राहतो, पुराण देतच नाही.

अर्थात गोव्यातली ही गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. स्टीफन्सच्या आधी आणि त्याच्या काळात साष्टीत देवळे पाडली गेली. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे गेले. आणि मुलांच्या संदर्भात तर १५५९ चा तो राजाचा हुकूम विसरणे शक्य नाही : पोरक्या हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करायचे आणि ख्रिस्ती करून वाढवायचे. धर्मशिक्षण हा शब्द ऐकला की गोव्याच्या हिंदू वाचकाचे मन आजही आक्रसते ते उगाच नव्हे. पण म्हणूनच प्रश्नाच्या मुद्द्याला इतके महत्त्व आहे. ज्या मुलाला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याला जे दिले जाते ते शिक्षण नसते, तो ठसा असतो. कॅथलिक चर्चनेही १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटी, धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सक्तीने श्रद्धा देता येत नाही हे मान्य केले. आणि आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही, आणि अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय, धर्माच्या तासाला बसवता येत नाही. मिशनची शाळा आणि मिशनचे वसतिगृह ज्या जिल्ह्यात जवळजवळ आहेत, तिथे ही रेघ फार स्वच्छ हवी. तशी असेल तरच रविवारच्या वर्गाला आलेले मूल आपल्या पायांनी आले असे म्हणता येईल.

आता भाषेकडे येतो. वर्ग कोणत्या भाषेत घ्यावा? तेलंगणात २०१८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत तेलुगू सक्तीची आहे. म्हणजे तेलुगू सगळ्या मुलांना येते. इंग्रजी माध्यमात असतील तर इंग्रजीही येते, निदान उत्तर लिहिण्यापुरती. तेव्हा व्यवस्थेच्या दृष्टीने तेलुगूत किंवा इंग्रजीत वर्ग घेणे सोयीचे. पण माझे म्हणणे असे की मुलाला कोणती भाषा कळते, हे विचारून भागत नाही. मूल कोणत्या भाषेत भांडते, हे विचारावे. शाळेच्या भाषेत मूल उत्तरे देते. वाद मात्र ते घरच्या भाषेतच घालते. ज्या भाषेत आईशी हुज्जत घालतो, मित्राला शिवी देतो, रडतो, त्याच भाषेत माणूस देवाशीही भांडतो. आपल्याकडे नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाला किती टाकून बोलावे, ते मराठी माणसाला ठाऊक आहे. उसन्या भाषेत तशी भक्ती झाली असती का?

हे नुसते माझे मत नाही, आदिलाबादेतच त्याचा पुरावा आहे. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. गोंड का उठले, हे शोधायला निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना पाठवले. ते मारलवाईला जाऊन गोंडांत राहिले आणि १९४३ मध्ये तिथे त्यांनी गोंड शिक्षक तयार करायचे केंद्र सुरू केले. बाहेरून पदवीधर आणले नाहीत. थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण शोधले. मुलांसाठी गोंडी वाचनपाठ केले आणि ते छापले देवनागरीत, कारण त्या भागात शिकलेल्या गोंडाला मराठीमुळे तीच लिपी ठाऊक होती. ही शिक्षण योजना गोंडांना आपली वाटली ती त्यामुळे. शिक्षक त्यांचा, भाषा त्यांची, लिपी शेजारची. सरकारची भाषा पुढच्या पायरीवर आली. केसलापूरच्या जत्रेत जो दरबार भरतो आणि जिथे आदिवासी उभे राहून अधिकाऱ्यांना आपले गाऱ्हाणे सांगतात, तोही त्याच दशकात हाइमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने सुरू झाला. म्हणजे मोठ्या माणसांपुढे उभे राहून प्रश्न विचारायची जागा या मुलखाला नवी नाही. ती चर्चच्या वर्गात का नसावी?

यावर कोणी म्हणतील, अहो, धर्माची तत्त्वे काय मुलांच्या मतावर ठरवायची? नाही. कोणत्याच धर्माची तत्त्वे हात वर करून ठरत नाहीत. पण प्रश्न विचारू देणे आणि उत्तर बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चने स्वतःच २०११ मध्ये तरुणांसाठी ‘यूकॅट’ हे धर्मशिक्षणाचे पुस्तक काढले, ते तयार करताना तरुणांना सोबत घेतले, आणि मांडणी प्रश्नोत्तरांची ठेवली. तत्त्वे तीच राहिली. दुसरे कोणी म्हणतील, आदिलाबादेत मराठी आणि गोंडी आता मागेच पडणार, मुले तेलुगू-इंग्रजीकडे चालली आहेत, मग त्यांना मागे का खेचता? पण मी सगळा वर्ग मराठीत घ्या असे म्हणतच नाही. पुस्तक तेलुगूत असू दे, प्रार्थना तेलुगूत असू दे. प्रश्न मात्र ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचारू द्या, आणि तो समजणारा माणूस वर्गात ठेवा. एवढेच.

तो माणूस कोण? केरळहून आलेला तरुण पाद्री कितीही कष्टाळू असला तरी तीन भाषा शिकेपर्यंत त्याची बदली होते. गावातला माणूस राहतो. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचे काम हे सामान्य प्रापंचिक माणसाचे अधिकृत सेवापद केले. त्याचा खरा उपयोग अशा जिल्ह्यांतच आहे. उटनूरच्या वर्गाला गोंडी बोलणारी, स्वतः कापूस वेचलेली, जत्रेला जावे की नाही या पेचातून स्वतः गेलेली एखादी ताई मिळाली, तर ती दहा पुस्तकांचे काम करील. मारलवाईने हेच तर दाखवले.

आणि गोष्टी? मुलांना आदर्श हवेतच. सप्टेंबर २०२५ मध्ये संत झालेला कार्लो अकुतिस, जीन्स घालणारा, संगणकात रमणारा, पंधराव्या वर्षी गेलेला इटालियन मुलगा, सध्या जगभर तरुणांना दाखवला जातो. छान आहे. पण आदिलाबादच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्याहून जवळची गोष्ट आहे सिस्टर राणी मारिया यांची. केरळच्या सायरो-मलबार घरातली ही जोगीण मध्य प्रदेशात उदयनगरला गेली, सावकारी पाशातल्या गरीब शेतमजुरांना तिने उभे केले, आणि १९९५ मध्ये बसमधून ओढून तिचा खून झाला. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीने, तीही जोगीणच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केले गेले. ख्रिस्ती मुलाने राखी बांधून घ्यावी का, असा प्रश्न वर्गात आला तर यापेक्षा नेमके उत्तर कोणते? क्षमा ही ख्रिस्ताची शिकवण आणि ती सांगायला वापरलेला धागा या मातीतला. पोराला कळते की ख्रिस्ती व्हायला आपले सगळे टाकावे लागत नाही.

वाचकहो, तुम्ही म्हणाल की हे सगळे त्यांचे त्यांनी पाहावे, आपल्याला काय त्याचे? आपल्याला दोन गोष्टींचे पडले आहे. एक म्हणजे, मराठीत ख्रिस्ती धर्म बोलता येतो की नाही, हा प्रश्न आपल्याही भाषेचा आहे. स्टीफन्सने तो चारशे वर्षांपूर्वी सोडवला, पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी सोडवला, वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सुबोध बायबल देऊन सोडवला. हे फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले. पण गोव्यात आज ख्रिस्ती मुलाला मराठी परकी वाटते आणि हिंदू मुलाला ‘क्रिस्तपुराण’ माहीतच नाही. सीमेपलीकडच्या मराठी पोरांचे आपण काय बोलावे!

दुसरी गोष्ट अधिक जवळची. आपल्या घरातही मूल पंधराचे झाले की आपण तेच करतो. बालसंस्कार वर्गात श्लोक पाठ करून घेतो, गणपतीला आरत्या म्हणायला उभे करतो, सप्ताहात झांज हाती देतो. आणि एक दिवस तो विचारतो, ‘शिवाशिव कशाला पाळायची?’, ‘देवळाच्या महाजनकीत सगळ्या जातींची माणसे का नाहीत?’ त्या वेळी आपण काय करतो? ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ म्हणून गप्प करतो. मग तो पुढे देवळात येतो तो जत्रेतल्या नाटकापुरता. दोतोर्नीतून ‘पास आउट’ झालेल्या शेजारच्या पोरात आणि त्याच्यात मला तरी काही फरक दिसत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच. लहानपणी पाठांतर हवे, त्याला पर्याय नाही. पण वयात येणाऱ्या मुलाला धर्म द्यायचा असेल तर तो त्याच्या प्रश्नांच्या मागून द्यावा लागतो, त्याच्या भांडायच्या भाषेत द्यावा लागतो, आणि तो ‘नको’ म्हणू शकेल इतकी मोकळीक ठेवून द्यावा लागतो. यात जोखीम आहे, कबूल. काही मुले उठून जातील. पण जी बसतील ती आपली म्हणून बसतील. पैनगंगेकाठच्या त्या लहानशा चर्चमध्ये, जिथे कसलेही प्रमाणपत्र वाट पाहत नाही, तिथे एखादा पोरगा बारावीनंतरही रविवारी येत राहिला, तर त्याला वर्गात काहीतरी सापडले असे समजावे. असे किती पोरगे सापडतात, यावरच तो वर्ग जोखावा. आपल्या वर्गांनाही हेच माप लावायला हरकत नसावी. असो.